डाव्या सीटसमोरचा टर्बोचा काटा

शंका घेणं हे माझं काम आहे आणि स्वभावही. मी विमा कंपनीत गाड्यांचे क्लेम तपासते. माणूस सांगतो, गाडी झाडाला घासली. मी फोटो बघते आणि विचारते, झाडाला निळा रंग कुठून आला? दिवसभर असं केल्यावर घरी येऊनही सवय सुटत नाही. भाजीवाल्याने कोथिंबीर फुकट दिली तर मी जुडी उलटी करून बघते. आई म्हणते, ही बापावर गेली. आईचं हे म्हणणं मात्र मी कधी तपासून पाहिलं नाही, कारण ते उघडच खरं आहे.

बाबांनी आयुष्यभर ट्रान्सपोर्ट कंपनीचे ट्रक चालवले. पंपावरच्या डिझेलवर त्यांचा विश्वास नाही, टायरात हवा भरणाऱ्यावर नाही, रस्त्यावरच्या पाट्यांवर तर अजिबात नाही. कोकणात जाताना लोक कशेडीच्या नव्या बोगद्यातून सुसाट निघून जातात. आमचे बाबा जुन्या घाटाने जातात. डोंगराच्या पोटातून जायचं म्हणजे डोंगराच्या मर्जीवर जायचं, असं त्यांचं म्हणणं.

आमच्याकडे एक जुनी डिझेल जीप आहे. फोर बाय फोर, पत्र्याची, टर्बो इंजिनाची. बाबांनी नोकरीतून निवृत्त झाल्यावर सेकंडहँड घेतली, तेव्हाच तिचं चांगलं वय झालेलं होतं. कांदिवलीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती बाकीच्या चकचकीत गाड्यांच्या मधोमध लग्नात आलेल्या गावच्या मामासारखी उभी असते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिच्या धुराचा विषय निघतोच. माझ्या मावश्या, काका, सगळे मला बाजूला घेऊन सांगत, विकून टाका आता, या वयात कशाला हवी त्यांना स्टिअरिंगची हौस. मी कोणाचं ऐकलं नाही. बाबा रोज सकाळी उठून दाढी करतात ती त्या जीपसाठी. तिला पाण्याने धुतात, बॉनेट उघडतात, पाच मिनिटं इंजिन ऐकतात, आणि मग त्यांचा दिवस सुरू होतो. जीप गेली तर बाबा घरात बसणार आणि बाबा घरात बसले की उठायचे नाहीत, ही भीती मला होती.

बाबांचा एक नियम होता. जीप अनवाणी चालवायची. गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्या पेडलला आपली चप्पल लावायची नाही. ट्रकच्या केबिनमध्येही ते असेच बसत. चपला काढून दाराच्या आत, टाचा दाराकडे करून ठेवायच्या, मग पाय पेडलवर. मी त्यांच्याकडेच गाडी शिकले, त्यामुळे मलाही तीच शिस्त. ऑफिसची गाडी मी सँडल घालून चालवते, पण जीपमध्ये चढताना पाय आपोआप मोकळे होतात. एकदा एका मेकॅनिकने बुटांसकट पेडल दाबलं म्हणून बाबा त्याच्यावर असे भडकले होते की तो बिचारा पाना टाकून पळाला.

गेल्या शिमग्याला आम्ही गावी जायला निघालो आणि कशेडीच्या चढावर जीप रडायला लागली. एरवी तिसऱ्या गिअरमध्ये चढणारी गाडी दुसऱ्यातही कुंथत होती. मागून ट्रकवाले हॉर्न मारत होते. मागच्या सीटवर आई नेहमीसारखी बोलत होती, तर बाबा एकदम ओरडले, "गप ऱ्हव गो जरा! माका इंजिन ऐकूक येना नाय." आई गप्प झाली. आई गप्प होणं ही आमच्या घरात फार गंभीर गोष्ट आहे. मी डाव्या सीटवर बसून बाहेरची दरी बघत होते आणि हातात सीटची कड घट्ट धरली होती.

गावी पोचल्यावर बाबांनी निदान करून टाकलं. "गाडी दमली हा. टर्बो गेलो."

मुंबईला परत आल्यावर ते जीप घेऊन आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेले. त्यानेही तेच सांगितलं. टर्बो गेला, नवीन टाकावा लागेल. इथे माझ्या मनात पाल चुकचुकली. मी ऑफिस अर्ध्यावर सोडून गॅरेजमध्ये जाऊन उभी राहिले.

"तुम्ही गाडी चढावर चालवून बघितली?" मी विचारलं.

"मॅडम, काका बोलले ना. काका तीस-चाळीस वर्षं गाडी चालवतात यार. त्यांना कळत नाही का?"

"धूर काळा येतो का? शिट्टीसारखा आवाज येतो का? ऑइल पितेय का?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. "तसं काही नाही. पण टर्बोच असणार."

क्लेमच्या फायलीत मला असा जबाब मिळाला असता तर मी लाल शेरा मारला असता. कुठेतरी पाणी मुरत होतं. माणूस टर्बो न बघता टर्बो बदलायला निघालाय, म्हणजे त्याला टर्बो विकायचाय, असा मी सरळ हिशेब केला. त्याला म्हटलं, थांबा, गाडीला हात लावू नका.

मी वाचलं, दोनचार जणांना विचारलं. टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर फिरणारा पंखा. तो बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतो; जास्त हवा, जास्त डिझेल, जास्त ताकद. ही हवा किती दाबाने भरली जातेय ते दाखवणारं एक छोटं गोल मीटर मिळतं, त्याला बूस्ट गेज म्हणतात. आमच्यासारख्या जुन्या गाड्यांत ते कंपनीकडून नसतं. ते लावायचं, चढावर जायचं, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. टर्बो ठीक असेल तर काटा झरझर वर, बारा-चौदापर्यंत जाणार, मेला असेल तर खाली पडून राहणार. मीटरला कमिशन मिळत नाही, हे मला सगळ्यात आवडलं.

बाबांना ते अजिबात आवडलं नाही.

"तो डबो कशाक व्हयो? माझ्या कानापेक्षा ता घड्याळ शाणा हा काय?"

"बाबा, तो मेकॅनिक आपल्याला फसवतोय."

"तो कशाक फसवतलो? साधो माणूस हा."

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. ज्या माणसाने आयुष्यात एकाही मेकॅनिकला साधा म्हटलं नव्हतं, तो आज म्हणत होता. पण मी तेव्हा मेकॅनिकच्या मागे लागले होते, त्यामुळे ती गोष्ट माझ्या हातातून निसटली.

वाकोल्याला गाड्यांचं वायरिंग आणि असलं बाहेरचं काम करणारा एक कारागीर आहे, एका गाळ्यासमोर रस्त्यावरच त्याचं काम चालतं. रविवारी सकाळी मी आणि बाबा जीप घेऊन तिथे गेलो. मी प्लास्टिकच्या स्टुलावर त्याच्या अगदी जवळ बसले. त्याने विचारलं, "मॅडम, काही काम आहे का तुमचं?" म्हटलं, "हेच काम आहे. तुम्ही करा, मी बघते."

काम तसं सोपं होतं. टर्बोकडून इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपातून एक बारीक रबरी नळी निघते. ती कापून मध्ये एक टी, म्हणजे तीन तोंडांचा सांधा, जोडायचा आणि टीच्या तिसऱ्या तोंडातून मीटरची नळी काढून केबिनमध्ये आणायची. दोन्ही बाजूंना क्लिपा घट्ट आवळायच्या, नाहीतर तिथूनच हवा जाते आणि मीटर खोटं बोलतं. मी प्रत्येक क्लिप बोटाने ओढून बघितली. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा बाबांकडे, आणि निमूटपणे पुन्हा आवळली.

"मीटर इथे लावतो," तो ड्रायव्हरसमोरची जागा दाखवत म्हणाला.

"नाही. डावीकडे लावा. माझ्यासमोर."

"मॅडम, हे ड्रायव्हरला दिसायला पाहिजे ना."

"ड्रायव्हरने रस्ता बघायचा. काटा मी बघणार."

बाबा बाहेर उभे राहून चहा पीत होते. बिनसाखरेचा, असा त्यांचा दावा. आई घरी त्यांच्या कपातला चहा चाखून बघते, कारण त्यांना डायबेटिस आहे आणि त्यांच्या तोंडावर तिचा विश्वास नाही. ते चहाचा कप बॉनेटवर ठेवत म्हणाले, "हेरगिरी करूची आसा तर तसा सांग ना."

"हो, हेरगिरीच आहे. त्या मेकॅनिकची."

त्यांनी कप उचलून उरलेला चहा संपवला.

नळी डावीकडे न्यायची म्हणून कारागिराने पुढची रबरी मॅट उचलली आणि तिच्याखालचं जाड अस्तरही. अस्तर ओलंचिंब होतं. रोज गाडी धुवून धुवून बाबांनी आतपर्यंत पाणी मुरवलं होतं. पत्रा गंजायला लागलाय, त्याने दाखवलं. हे आत्ता परत टाकू नका, दोन दिवस उन्हात वाळवा, असं म्हणून त्याने अस्तर आणि मॅट गुंडाळून मागच्या सीटवर टाकली. खाली उघडा पत्रा राहिला. मी त्याकडे लक्ष दिलं नाही. माझं सगळं लक्ष त्या काट्यावर होतं.

तिथून आम्ही हायवेने दहिसर ओलांडून घोडबंदरच्या रस्त्याला लागलो. गायमुखाजवळचा चढ आमच्या बाजूला घाटाच्या परीक्षेसाठी बरा पडतो. मे महिन्यातलं ऊन होतं, दुपार व्हायला आली होती. जीपला एसी नाही. मी खिडकीची काच खाली करून मीटरकडे डोळे लावून बसले. गाणी लावायला हात पुढे केला तर बाबा म्हणाले, नको.

सपाट रस्त्यावर काटा थोडा हलायचा आणि परत शून्यावर यायचा. ते बरोबरच होतं. चढ सुरू झाला तशी मी म्हटलं, "आता तिसऱ्यात ठेवून पूर्ण दाबा."

इंजिन जरा गुरगुरलं. काटा चारपर्यंत गेला आणि तिथेच लोळत पडला.

"दाबा ना बाबा!"

"दाबतंय गो!"

"आणखी!"

"आणखी खयं दाबू? तळाक गेलो पाय."

काटा चारवर. मागून एका कंटेनरने हॉर्न मारला आणि आम्हाला ओलांडून गेला, कंटेनरने! म्हणजे टर्बो खरंच मेला होता, मेकॅनिक खरं बोलत होता आणि मी उगाच एका माणसावर आळ घेतला होता. हे मान्य करणं मला जड गेलं, म्हणून मी पुढची शंका घेतली. वरच्या बाजूला जरा मोकळी जागा होती, तिथे गाडी थांबवायला लावली.

"तुम्ही मुद्दाम दाबत नाही आहात."

"माका काय पडला हा मुद्दाम?"

"मीटर खोटं ठरवायचंय तुम्हाला. उतरा, मी चालवते."

ते उतरले. नेहमीपेक्षा सावकाश उतरले, दाराला धरून. चपला पायात सरकवल्या आणि डाव्या बाजूला आले. मी सवयीने सँडल काढले, उजव्या सीटवर चढले आणि टाच पेडलसमोर पत्र्यावर टेकवली.

मी किंचाळलेच. पत्रा तव्यासारखा तापला होता. खालून एक्झॉस्टची गरमी, वरून मे महिना, आणि मधलं अस्तर मागच्या सीटवर. मी पाय वर घेऊन टाच हाताने चोळायला लागले.

"बाबा, तुम्ही इथे पाय कसा ठेवलात? एवढा वेळ?"

"तुमचे पाय सायबांचे," ते हसत म्हणाले. "आमका काय लागूक नाय."

मी रागाने सँडल घातले. लक्ष्मीच्या पेडलवर सँडल ठेवला आणि मुद्दाम त्यांच्याकडे बघितलं, आता ओरडतील म्हणून. ते समोर रस्त्याकडे बघत होते. सँडल त्यांना दिसला होता.

तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मेकॅनिकची, टर्बोची, मीटरची शंका एका बाजूला राहिली आणि सगळ्या शंका एकाच ठिकाणी येऊन बसल्या. मी गाडी वळवली, खाली गेले, पुन्हा वळवली आणि चढाला लागले. तिसरा गिअर. पाय पूर्ण दाबला. पेडल बाबा ज्याला तळ म्हणत होते त्याच्या कितीतरी खाली गेलं. जीपने छाती भरून श्वास घ्यावा तसा आवाज केला आणि काटा आठ, बारा, चौदाच्याही वर गेला. सीटने मला मागे दाबलं. जीप तरण्या गाडीसारखी चढली. एरवी मी आनंदाने ओरडले असते. टर्बो ठणठणीत होता. बाबांनी काट्याकडे बघितलंही नाही.

वरच्या मोकळ्या जागेत मी पुन्हा थांबले, इंजिन बंद केलं आणि डाव्या दाराशी जाऊन उकिडवी बसले.

"पाय दाखवा."

"कशाक?"

"दाखवा, बाबा."

त्यांनी उजवा पाय चपलेतून काढला. टाचेवर रुपयाएवढा फोड आला होता, आजूबाजूची कातडी लाल झाली होती. त्यांनी तो माझ्याबरोबरच पहिल्यांदा बघितला. माझा स्वतःचा क्षणभर टेकलेला पाय अजून चुरचुरत होता.

"कधीपासून कळत नाही?"

त्यांनी फोडावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "गेल्या चतुर्थीपासून. आधी बोटा गेली. मगे सगळो पाय निजलो. पाय किती दबता ता कळणा नाय. जास्त दबात म्हणान भिया वाटता, म्हणान कमीच दाबतंय. इंजिनाच्या आवाजावर चलवतंय."

म्हणून गाणी नको होती. म्हणून आईला गप्प बसवलं होतं.

"आणि त्या मेकॅनिकला टर्बो—"

"मीच सांगलंय तेका. म्हटलंय, टर्बो गेलो म्हणान सांग."

मी त्या बिचाऱ्या माणसावर किती दिवस डूख धरून होते, ते मला आठवलं, पण त्याचं वाईट वाटायला मनात जागाच नव्हती. मी ब्रेकचा विचार करत होते. ब्रेक त्याच पायाने दाबायचा. शिमग्याला, कशेडीच्या उतारावर, मागे आई, शेजारी मी, खाली दरी, आणि हा माणूस पाय कुठे आहे ते न कळता आम्हाला घेऊन चालला होता. मला त्यांचा इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं.

"आई होती मागे," मी म्हटलं. "तुम्हाला कळतंय का? आई होती!"

"कळता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललंय असतंय तर तू चावी घेतलंस असतंस." त्यांचा आवाज एकदम खाली गेला. "मगे मी सकाळी उठान काय करू?"

माझी स्वतःची भीती तर तीच होती. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, प्रत्येक गाडीबरोबर गरम हवेचा झोत अंगावर येत होता. बाबांनी पाय माझ्या हातात तसाच ठेवला होता.

"इतको नाय गेलेलो पाय," ते म्हणाले. "डाक्टरान तपासल्यान तर कळात. थोडा कळता माका. परदेशी औषधा आसत आता."

"बरं," मी म्हटलं. "डोळे मिटा. मी बोटांना हात लावते. कुठल्या ते सांगा."

त्यांनी डोळे मिटले. परीक्षेला बसलेल्या मुलासारखे ताठ झाले, हात मांडीवर. मी करंगळीला हात लावला. ते थांबून राहिले. मी मधलं बोट दाबलं, मग जोरात दाबलं, नखाने टोचलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. ते वाट बघत होते, मी कधी सुरू करते याची.

मी हात काढून घेतला.

"हां," ते डोळे मिटूनच म्हणाले. "अंगठो. अंगठ्याक लावलंस. बरोबर?"

"बरोबर," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. माझे दोन्ही हात माझ्या गुडघ्यांवर होते. त्यांनी ते बघितले, बराच वेळ बघितले, मग पाय हळूच खाली घेतला आणि चप्पल शोधायला लागले. चप्पल पायाखालीच होती, ती मी सरळ करून दिली.

"गावाक तूच चलव," ते म्हणाले. "तुझ्या आवशीक सांग, बाबांची कंबर धरली हा." आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "कंबर सगळ्यांचीच धरता गो."